पणजीची गोधडी, पणजीचा आवाज

वाचकांचे प्रश्न

आजी गेली आणि घरात दीड-दोन वर्षांचं मूल आहे, अशा घरांतून आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. कुणाची स्वतःची आजी गेली आहे, म्हणजे मुलाची पणजी. कुणाची आई गेली आहे, म्हणजे मुलाची आजी. सगळ्यांचं मागणं मात्र एकच: तिची ओळख या लेकराला राहावी.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. तीन वर्षांच्या आतलं माणसाला मोठेपणी सहसा काही आठवत नाही. मूल आजीच्या मांडीवर वाढलं असलं तरी तो काळ त्याच्या हाती राहणार नाही. ती त्याला कळेल ती घरात रोज हाताला लागणाऱ्या वस्तूंतून, जिभेवरच्या चवीतून आणि कानावर पडणाऱ्या शब्दांतून. म्हणून वस्तू कपाटात जपण्यापेक्षा वापरात आणण्यावर आमचा भर आहे. आता वापरणारं माणूस सगळं तोंडात घालणारं आहे, तेव्हा थोडी तयारी लागते.

प्रश्न: माझ्या आजीची दोन सुती लुगडी आहेत, ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांत ठेवलेली. मुलगी चौदा महिन्यांची आहे. तिच्यासाठी गोधडी शिवायची आहे, पण मी याआधी कधी शिवलेली नाही. (इस्लामपूर)

सुई हातात घेण्याआधी डांबरगोळ्यांचा बंदोबस्त करा. या गोळ्या बहुतेक नॅप्थलीनच्या असतात आणि कपड्याला येणारा वास म्हणजे तेच द्रव्य. काही मुलांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं. अशा मुलांत नॅप्थलीनमुळे तांबड्या पेशी फुटतात, कावीळ होते, मूल पांढरंफटक पडतं. ही कमतरता बहुतेक घरांना माहीतही नसते, म्हणून प्रत्येकाने काळजी घेतलेली बरी. लुगडी पूर्ण उलगडून तीन-चार दिवस वाऱ्यावर टाका, मग साबणाच्या पाण्यात दोनदा धुवा. वाळल्यावर घडी करून रात्रभर पिशवीत बांधून ठेवा आणि सकाळी पिशवी उघडल्या उघडल्या वास घ्या. वास आला तर पुन्हा धुवा. ट्रंकेत उरलेल्या गोळ्या फेकून द्या. रांगत्या-चालत्या मुलाला ती पेपरमिंटची गोळी वाटते.

धुण्यापूर्वी आणखी एक करा. लुगड्याला तिचा वास धरून राहिला असेल, तर तो पहिल्याच धुण्यात जाईल आणि परत येणार नाही. तिने शेवटी नेसलेलं, डांबरगोळ्यांत न गेलेलं एखादं पातळ, नाहीतर डोक्याला बांधायचा रुमाल असेल, तर त्यातला वीतभर तुकडा न धुता काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. हा तुकडा तुमच्यासाठी आहे, मुलीसाठी नाही.

आता गोधडी. लुगडं नऊ वार, म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, साधारण 45 ते 48 इंच. दोन्ही काठ कापून बाजूला काढले की सुमारे 1 मीटर रुंदी उरते. 90 सेंटीमीटर लांबीचे तुकडे पाडले तर एका लुगड्यात नऊ बसतात. चौदा महिन्यांच्या मुलीला चार थरांची गोधडी पुरते, तेव्हा एका लुगड्यात दोन गोधड्या होऊन एक तुकडा ठिगळांना राहतो. दुसरं लुगडं तसंच ठेवलंत तरी चालेल. सहा थरांच्या वर जाऊ नका. सुई निघत नाही, आणि एवढं जड पांघरूण झोपेतल्या मुलाला अंगावरून सारता येत नाही.

प्रत्येक तुकडा खिडकीसमोर उजेडात धरून बघा. काष्ट्याचा भाग आणि बसायची जागा विरलेली असते, तिथून उजेड चाळणीसारखा येतो. दोन अंगठ्यांनी आडवं ताणा. टर्रकन फाटलं तर तो तुकडा आतल्या थरात घाला, बाहेरचे दोन थर मजबूत हवेत. रंग जातो का तेही बघा: ओला पांढरा रुमाल कापडावर मिनिटभर दाबून धरा. रुमालाला रंग लागला तर पाणी स्वच्छ निघेपर्यंत तो तुकडा वेगळा धुवा. मीठ किंवा व्हिनेगर घातल्याने गेलेला रंग पक्का होत नाही, तो वेळ वाया जातो.

तुकडे इस्त्री करून जमिनीवर एकावर एक पसरा, चारी कोपऱ्यांवर वजन ठेवा आणि मधोमध सुरू करून बाहेर जात दर वीतभर अंतरावर लांब कच्चा टाका घाला. पहिल्यांदा शिवणारे हीच पायरी टाळतात. मग कडेकडून शिवत आत आलं की मधे कापडाचा फुगा जमतो आणि तो काही केल्या बसत नाही. कच्चा टाका झाला की काठाची सहा सेंटीमीटर रुंदीची पट्टी दुमडून चारी बाजूंनी गोट लावा. साडेचार मीटर पट्टी पुरते. काठ जरीचा असेल तर तो गोटाला वापरू नका, जरीने गाल खरचटतो आणि ती जुनी झाली की तिच्या तारा सुटतात. अशा वेळी साध्या अंगाच्या पट्ट्या कापा.

मग धावदोरा. टाका गव्हाच्या दाण्याएवढा, दोन ओळींत अडीच सेंटीमीटर अंतर. 90 सेंटीमीटरच्या रुंदीत छत्तीसेक ओळी होतात, सुती दोरा साधारण 45 ते 50 मीटर लागतो. सुईत एका वेळी हातभरच दोरा ओवा. लांब ओवला की तो पिळतो, गाठी पडतात, कापडातून ओढला जाऊन विसविशीत होतो. सुरुवातीची गाठ दोन थरांच्या मधे लपवा आणि शेवटी दोन-तीन उलटे टाके घेऊन दोऱ्याचं टोक आत सारून कापा. वर राहिलेली गाठ मूल दातांनी शोधून काढतं. दोरा ओढून घट्ट करू नका, ओळ संपली की हाताने कापड लांबवून सैल करा. बारीक सुरकुती पडते ती चांगलीच, पण गोधडी चार-पाच सेंटीमीटर आखडली तर समजा की हात ओढतोय. शेवटी कच्चे टाके मोजून काढा, एकही आत राहायला नको. गोंडे, घुंगरू, मणी लावू नका.

वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपायच्या जागी सैल पांघरूण, उशी काही नसावं, ही बालरोगतज्ज्ञांची सूचना आहे. तुमची मुलगी चौदा महिन्यांची आहे, छातीपर्यंत पातळ गोधडी चालेल. धाकटं भावंड आलं तर त्याला वर्षभर ती खाली जमिनीवर अंथरायला घ्या, तेही जागं असताना.

प्रश्न: आजीच्या हातच्या मेतकुटाची चव येत नाही. तिचं माप म्हणजे 'माझी वाटी', 'मूठभर', 'हाताला येईल तेवढं'. मुलगा पावणेदोन वर्षांचा आहे. (चिपळूण)

तिची वाटी घरात असेल तर अर्धं काम झालं. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रिकामी वाटी ठेवून काटा शून्यावर आणा आणि काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम तितके मिलिलिटर. जुन्या पितळी वाट्या 100 पासून 200 मिलिलिटरपर्यंत काहीही भरतात. आजच्या मोठ्या वाटीने मापलं की डाळी दुप्पट होतात आणि मसाला तेवढाच राहतो, म्हणून 'चव येत नाही'. मुठीचं मापही काढता येतं. तिच्याएवढ्या चणीच्या मावशीला, आत्याला पाच वेळा मूठ भरायला सांगा, पाचही वेळा वजन करा आणि सरासरी लिहून ठेवा.

आठवणीत नेमकं प्रमाण नसेल तर इथून सुरुवात करा. हरभरा डाळ 1 वाटी, उडीद डाळ अर्धी वाटी, तांदूळ पाव वाटी, गहू पाव वाटी, धने 2 चमचे, जिरे 1 चमचा, मोहरी अर्धा चमचा, मेथी दाणे पाव चमचा, मिरे 6, सुंठेचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, हळद अर्धा चमचा, हिंग पाव चमचा. चमचा म्हणजे 5 मिलिलिटरचा. मुलासाठी करताना मिरे 2-3 वर आणा, लाल मिरची घालू नका.

प्रत्येक जिन्नस वेगळा, कोरडा, मंद आचेवर भाजा. हरभरा डाळ गुलाबी व्हायला आठ-दहा मिनिटं लागतात, उडीद सहा-सात मिनिटांत सोनेरी होतो, तांदूळ चार-पाच मिनिटांत फुलून पांढरा होतो. सगळं एकत्र भाजलं की तांदूळ करपतो तरी हरभरा डाळ आत कच्ची राहते, आणि कच्च्या डाळीचा तो पिठूळ वास मेतकुटाला कायमचा चिकटतो. मेथी सगळ्यात शेवटी, आच बंद केल्यावर गरम कढईतच परता. तांबूस झाली की पुरे, काळी झाली तर सगळं कडू होईल. हळद आणि हिंग दळताना घाला. पूर्ण थंड झाल्यावर दळा. कोमट असताना दळलं तर भांड्यात वाफ धरते, पिठाच्या गुठळ्या होतात आणि पंधरा दिवसांत खवट वास येतो. बारीक चाळणीने दोनदा चाळा. कोकणातल्या पावसाळ्यात महिन्याला पुरेल एवढंच करा.

मुलाला पाऊण वाटी मऊ भात, त्यावर अर्धा चमचा मेतकूट आणि चमचाभर साजूक तूप, नीट कालवून. कोरडं मेतकूट चाटायला देऊ नका, पिठाचा भपका श्वासात गेला की मूल गुदमरतं. बाजारचा बांधणी हिंग बहुतेकदा मैदा घालून केलेला असतो, गव्हाची ॲलर्जी असलेल्या मुलांच्या घरी हे लक्षात ठेवा (आणि त्यांच्यासाठी गहूही वगळा).

पहिल्या खेपेला चव जुळणार नाही. एका वेळी एकच जिन्नस बदला, डब्यावर तारीख आणि प्रमाणाची चिठ्ठी लावा आणि तिच्या हातचं खाल्लेल्या दोन माणसांना न सांगता चाखायला द्या. बहुतेक घरांत घोळ धन्यात किंवा सुंठेत असतो.

प्रश्न: आजी नाचणीचं सत्त्व करायची. सव्वा वर्षाच्या मुलीला तेच द्यावं की नुसतं पीठ? (सावंतवाडी)

सत्त्व वस्त्रगाळ असतं. भिजवून मोड आणलेली नाचणी वाटायची, मलमलीतून गाळायची, तळाशी बसलेला साका वाळवायचा. सहा-आठ महिन्यांच्या बाळाला ते सोसतं म्हणून आज्या करायच्या. पण 100 ग्रॅम नाचणीत जे 340 ते 365 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, त्यातलं बरंच सालीत असतं आणि साल चोथ्याबरोबर जाते. सव्वा वर्षाच्या मुलीला गाळायची गरज नाही. नाचणी बारा तास भिजवा, मधे एकदा पाणी बदला, फडक्यात बांधून दिवसभर मोड आणा, कडकडीत वाळवून मंद भाजून दळा. पावसाळ्यात मोड आणताना आंबूस वास आला तर टाकून द्या.

एक मोठा चमचा पीठ आधी अर्धी वाटी गार पाण्यात कालवा, मगच आचेवर ठेवून वाटीभर दूध-पाणी घालत सात-आठ मिनिटं ढवळा. गरम पाण्यात पीठ टाकलं की गुठळ्या होतात आणि आतून कच्च्या राहतात. गोडाला खजूर वाटून घाला.

प्रश्न: आजीचे व्हॉट्सॲपवर पाठवलेले कितीतरी आवाजी निरोप माझ्याकडे आहेत, आणि 1990 च्या आसपासची एक कॅसेट आहे. दीड वर्षाच्या मुलाला ऐकवायचे आहेत. फोन बदलायचाय, भीती वाटते. (न्यू जर्सी)

फोन बदलण्याआधी, आज रात्रीच, हे करा. निरोप तुमच्या फोनमध्ये उतरलेले असतात. तिचा नंबर बंद झाला म्हणून ते जात नाहीत. जातात ते बॅकअप न घेता फोन बदलल्याने, 'जागा मोकळी करा' म्हणताना सगळं निवडल्याने, आणि 'आपोआप नाहीसे होणारे मेसेज' चालू राहिल्याने. भारतातला तिचा नंबर बंद केला तर किमान 90 दिवसांनी तो दुसऱ्याला मिळू शकतो, आणि 120 दिवस न वापरलेलं व्हॉट्सॲप खातं पुसलं जातं. तेव्हा तिचा फोन अजून घरी असेल तर त्यातलेही निरोप, फोटो आधी काढून घ्यायला सांगा, मग सिम बंद करा.

अँड्रॉइडमध्ये हे निरोप 'व्हॉट्सॲप व्हॉइस नोट्स' या फोल्डरमध्ये आठवड्यागणिक पडलेले असतात. फाइलच्या नावात तारीख असते, पण कुणाचा निरोप ते नसतं. म्हणून फोल्डर सबंध उचलून ठेवाच, शिवाय तिच्या संवादात जाऊन एकेक निरोप दाबून धरा आणि ईमेलवर किंवा ड्राइव्हवर पाठवा. नाव लगेच बदला: '2021 ऑगस्ट, चकल्यांची भाजणी'. चार महिन्यांनी कशात काय आहे ते शोधत बसणं फार त्रासाचं होतं. मूळ ओपस फाइल (व्हॉट्सॲप निरोप ज्या रूपात साठवतं ती) तशीच राहू द्या, एमपी-थ्री ही जादाची प्रत. तीन प्रती करा, त्यांतली एक दुसऱ्या घरी, भावाकडे किंवा आईकडे.

कॅसेट लगेच वाजवू नका. रिळावर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. ती वाजवली तर यंत्रही खराब होतं, अशी कॅसेट जाणकाराकडेच द्या. ठीक दिसली तर मधल्या फटीत पट्टीमागे नमद्याची (फेल्टची) चिमुकली गादी आहे का बघा. ती गळून पडलेली असते आणि मग आवाज बसका येतो. चांगल्या कॅसेटचं कवच काढून त्यात रीळ बसवता येतं. सैल फीत पेन्सिलीने आवळा, एकदा पुढे-मागे पूर्ण फिरवा. प्लेअरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसा. हेडफोनच्या भोकातून वायर काढून संगणकाच्या 'लाइन इन'मध्ये घाला. मायक्रोफोनच्या भोकात घातली की आवाज फाटतो, ही नेहमीची चूक. ऑडॅसिटी हा प्रोग्राम फुकट मिळतो. त्यात 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट, वेव्ह फाइल अशी नोंद करा आणि सगळ्यात मोठा आवाज उणे 6 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. तासाभराच्या कॅसेटला 600 एमबीच्या थोडी वर जागा लागते. खरखर काढायच्या मागे फार लागू नका. खरखरीबरोबर तिच्या आवाजातला श्वासही जातो, आणि मागे वाजणारी कुकरची शिट्टी आवाजाइतकीच मोलाची आहे.

मुलाला ऐकवताना वीस-तीस सेकंदांचा तुकडा घ्या, रोज तोच, एकाच वेळी: आंघोळीनंतर, तेल लावताना. या वयात ओळख पुनरावृत्तीने होते. तुम्ही शेजारी बसून 'ही माझी आजी' म्हणा. ऐकवताना पडदा नको. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला दोन वर्षांच्या आत नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल सोडून पडदा नको असाच आहे. नुसता आवाज पुरतो.

ज्यांच्याकडे आवाज उरलेलाच नाही त्यांनी तिच्या गावच्या ओव्यांकडे वळावं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जमवलेल्या एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या आता 'पारी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया, यांच्याकडे आहेत आणि त्यांतल्या कित्येक ऐकायला मिळतात. तालुक्याचा हेल, शब्दांची ठेवण ओळखीची निघते. आणि तिची धाकटी बहीण हयात असेल तर तिला बोलतं करा, फोन हातभर अंतरावर उशीवर ठेवून, पंखा बंद करून. या कामात उशीर करू नका.

प्रश्न: सासूबाई गेल्या. सव्वादोन वर्षांचा मुलगा रोज सकाळी त्यांच्या खोलीत धावतो, 'आज्जी?' म्हणतो. आम्ही 'देवबाप्पाकडे गेली' सांगतो, मग तो 'कधी येणार' विचारतो. (ठाणे)

त्याचा प्रश्न बरोबर आहे. ऑफिसला गेलेला बाबा परत येतो, गावाला गेलेली मावशी परत येते, मग बाप्पाकडे गेलेली आज्जी का नाही? 'गेली' हा शब्दच त्याला परत येण्याची आशा लावतो. 'झोपली' तर मुळीच म्हणू नका, मुलं झोपायला घाबरतात. 'आजारी होती म्हणून' एवढंच सांगितलं तर पुढच्या सर्दीला तो धास्तावेल.

'वारली' हा शब्द वापरा. आदर राखणारा आहे आणि तो परत येण्याची आशा लावत नाही. वाक्यं इतकीच: 'आज्जी वारली. तिचं शरीर चालायचं थांबलं. ती आता जेवत नाही, बोलत नाही, परत येणार नाही. तुला तिची आठवण येते. मलापण येते.' घरातल्या सगळ्यांनी, सांभाळायला येणाऱ्या ताईंनीसुद्धा, हीच वाक्यं म्हणायची. तो पुन्हा पुन्हा विचारेल, एका दिवसात दहादा. परत येणार नाही म्हणजे कायमचं नाही, हे या वयात कळत नाही. ते कळायला पाच वर्षांपलीकडे जावं लागतं. तुम्ही कमी पडताय असा याचा अर्थ नाही. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी बाप्पाचं जरूर सांगावं, पण या वाक्यांनंतर.

खोलीत धावतो तर धावू द्या. बरोबर जा, पलंगाकडे बघा, तेच वाक्य म्हणा, मग तिथूनच त्याला तिच्या एखाद्या वस्तूकडे वळवा: तिचा चष्म्याचा डबा, काठी, पाटावरची उशी. पलंग एका दिवसात हलवू नका. हलवायचा तर त्याला आदल्या दिवशी सांगा. रात्री उठणं, चिकटून राहणं, सुटलेलं दुपटं पुन्हा लागणं, हे काही आठवडे चालतं. जेवणाची आणि झोपेची वेळ बदलू नका, त्याचा आधार त्यात असतो. खाणं अगदी कमी झालं किंवा आलेले शब्द बोलेनासा झाला तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न: आजीचा फोटो मुलीला दाखवायचा आहे. जुना चिकट अल्बम आहे, फोटो निघत नाहीत. (नाशिक)

ओढू नका. प्लास्टिक उचलून अल्बमच्या पानासकट स्कॅन करा, 600 डीपीआयवर. काढायचाच असेल तर दात साफ करायचा बारीक धागा फोटोखालून करवतीसारखा हळूहळू सरकवत न्या. काचेला चिकटलेला फोटो काचेवरूनच स्कॅन करायचा. मूळ फोटोचं लॅमिनेशन कधीही करू नये, ते उलटवता येत नाही. मागे नावं लिहायची ती मऊ शिसपेन्सिलीने.

हार घातलेला भिंतीवरचा फोटो मोठ्यांचा असतो, मुलीची नजर तिथवर जात नाही. तिच्यासाठी आठ-दहा प्रतींचं जाड पुठ्ठ्याचं पुस्तक करा. चेहरा तळहाताएवढा मोठा, एका पानावर एकच फोटो, शक्यतो काही करतानाचा: भाकरी थापताना, तुळशीला पाणी घालताना, हसताना. उभा राहून काढलेला लग्नातला ग्रुप फोटो या वयात उपयोगाचा नाही. कोपरे गोल कापा. एक प्रत भिंतीवर जमिनीपासून 70-75 सेंटीमीटर उंचीवर चिकटपट्टीने लावा, दोन वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांची उंची तेवढीच असते. फ्रीजवर छोट्या चुंबकांनी लावू नका. दोन चुंबक गिळले गेले तर ते आतड्यांत एकमेकांना ओढतात आणि मधली आतडी फाटते.

प्रश्न: आजीचे चांदीचे वाळे, काळ्या मण्यांची माळ आणि काजळाची डबी मुलीला वापरायची आहे. (कोल्हापूर)

वाळे घाला, पण आधी सोनाराकडून घुंगरू काढून घ्या आणि जोडाची टोकं घासून गुळगुळीत करा. वाळा आणि घोटा यांत करंगळी सहज गेली पाहिजे. दर महिन्याला बघा, पाय भराभर वाढतो. सव्वा इंचापेक्षा, म्हणजे 32 मिलिमीटरपेक्षा लहान कुठलीही वस्तू तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या घशात अडकू शकते, तेव्हा सुटे मणी नकोत. माळ गळ्यात तर नकोच, ती खेळताना अडकते. मणी मोजून काचेच्या चौकटीत लावा. डोळ्यांत काजळ घालू नका: बाजारच्या काजळात शिसं सापडलेलं आहे आणि घरच्या काजळीनेही डोळ्याला जंतुसंसर्ग होतो. डबी मात्र फार सुंदर वस्तू आहे. तीत तुमची कुंकवाची टिकली ठेवा, ती रोज उघडताना मुलगी बघेल.

प्रश्न: आजीनेच मला वाढवलं. आता मुलाला भरवताना, न्हाऊ घालताना तिच्याच हाताच्या लकबी माझ्या हातात येतात आणि रडू कोसळतं. मुलावर परिणाम होईल का? (छत्रपती संभाजीनगरहून एक आई)

रडण्याने होत नाही. आईचा चेहरा एकाएकी बदलला आणि कुणी काही सांगितलं नाही, की मूल घाबरतं. 'आईला पणजीची आठवण आली म्हणून रडू आलं. तुझ्यामुळे नाही,' असं त्याच वेळी, साध्या आवाजात सांगा. न्हाऊ घालताना डोळे भरले तर आधी बादलीतून त्याला बाहेर घ्या, टॉवेलात गुंडाळा, मग बसा. दिवसाकाठी अर्धा तास तरी मूल दुसऱ्याच्या हाती देऊन एकटीने बसता येईल अशी सोय घरातल्यांकडे मागून घ्या. न मागता ती मिळत नाही, कारण मोठ्या वयाची आजी गेली की लोक 'भरल्या घरातून गेली' म्हणतात आणि नातीचं दुःख मोजत नाहीत.

त्या लकबी मात्र वहीत लिहा. पाण्यात कोपर बुडवून गरमपणा बघणं, तेलाचा हात आधी स्वतःच्या गालाला लावणं, घास वळताना तो ताटाच्या काठावर ठेवणं. इतक्या बारीक गोष्टी वर्षभरात पुसट होतात.

दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज झोप लागत नसेल, मुलाजवळ जावंसंच वाटत नसेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर थांबू नका. टेली-मानस ही सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही बोलते.

प्रश्न: पितृपक्षात पणजीचं श्राद्ध आहे. सव्वा वर्षाच्या मुलाला कावळा शिवेपर्यंत थांबवावं लागेल का? (फोंडा)

नाही. लहान मुलाला आधी जेवू घालण्याला कुठल्याही समंजस घरात आडकाठी नसते. त्याला तांदळाची खीर आणि कढी-भात नेहमीच्या वेळी द्या. वडा मऊ असेल तर बारीक कुस्करून, अख्खे शेंगदाणे किंवा हरभरे असतील ते बाजूला काढून. समई आणि उदबत्ती मुलाच्या हाताच्या वर ठेवा, पाटाजवळ एक मोठं माणूस फक्त त्याच्यासाठी बसवा. गाईचं पान ठेवायला त्याला कडेवर घेऊन जा, आणि त्याच्या हाताने ठेवू द्या. पानावर तिला आवडायचा तो एक पदार्थ असू द्या, आणि ठेवताना तिचं नाव घ्या.